मांडलेली चूल

तेजलने हळदीचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि चमच्याच्या टोकाने मधोमध रेघ मारून हळदीचे दोन ढीग केले.

“माझ्या वाटणीक कमीच घाल गो,” रुक्मिणीबाई पलंगावरून म्हणाल्या. “माका एकटीक कितीशी लागतली?”

“असू द्या आई. दिसायला तरी दोन्ही डबे सारखे भरलेले हवेत.”

तांदूळ झाले, तूरडाळ झाली, साखर-चहापत्ती झाली. मालवणी मसाल्याची बरणी पुढे आली तेव्हा मात्र रुक्मिणीबाई उठल्या. हा मसाला त्यांनी मे महिन्यात स्वतः भाजून, गिरणीत उभं राहून दळून आणला होता. त्यांनी बरणी तेजलच्या हातातून घेतली, दोन चमचे मसाला आपल्या डबीत काढला आणि बरणी तशीच तिच्याकडे सरकवली. राजेशला मसाला जास्त लागतो, हे तेजलला सांगायची गरज नव्हती.

राजेश दारातून आत आला तो एका हातात एका बर्नरची शेगडी आणि दुसऱ्या हातात पाच किलोचं सिलिंडर घेऊन. प्लायवूडची फळी त्याने कालच बसवली होती. दहा बाय पंधराची खोली आता दोन झाली होती. रस्त्याकडचं दार आणि टीव्ही राजेशकडे. मोरी, पलंगाची बाजू आणि मागच्या गल्लीतलं दार आईकडे. फळीवर हातभर जागा मोकळी सोडली होती, हवा खेळायला.

“ही शेगडी तुझी,” तो म्हणाला. “बघ, झकास आहे की नाही?”

“आणि माझी चूल वेगळी झाली म्हणून चाळभर पेढे वाटूक नाय ते?”

राजेश हसला, तेजलही हसली. आठ वर्षांच्या जान्हवीला काय ते कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली आणि फळीच्या खालून हात घालून आजीचा पाय धरू लागली.

“फक्त कागदावर गं आई,” राजेश म्हणाला. “बाकी सगळं आहे तसंच.”

प्रकरण असं होतं. घाटकोपरच्या टेकडीखालची रवळनाथ चाळ पुनर्विकासात चालली होती. खोलीमागे एक घर मिळणार हे ठरलेलं, आणि खोली राजेशच्या नावावर. यजमान जयवंत गेले तेव्हा रुक्मिणीबाईंनीच नावावर करून दिली होती, तीही एका शब्दाने न विचारता. पण आता पालिकेची नवी योजना आली होती. जुनं पाडून टॉवर उभा राहिला की पालिका बिल्डरकडून पुनर्विकास अधिभार वसूल करते. पूर्वी तो पैसा कुठे जायचा ते देव जाणे. आता त्यातला मोठा हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी बाजूला काढायचा ठरला होता, आणि देवनारच्या बाजूला इमारतीही उभ्या राहिल्या होत्या. एका खोलीत कोंबून राहणाऱ्या कुटुंबांमध्ये जी ‘स्वतंत्र चूल’ असेल, तिला तिथे वेगळं घर. योजना चांगली होती, नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त ती जाहीर झाल्याच्या आठवड्यात वॉर्डातल्या दुकानांतल्या एका बर्नरच्या शेगड्या संपल्या.

राजेश अंधेरीला कुरियरच्या गोदामात सुपरवायझर. वाईट मुलगा नव्हता. आईला उलट बोललेला चाळीत कुणी ऐकला नव्हता. दुसरं घर झालं तर पुढे जान्हवीला होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि मुंबईत असं कुणाच्या डोक्यात नसतं?

पाहणीला आलेल्या बाईंचं नाव सपना भालेराव. पस्तिशीच्या असतील. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, मागच्या दाराने रुक्मिणीबाईंच्या बाजूला आल्या आणि शेगडीसमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं बर्नरखाली बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

“शेगडी कधी घेतलीत, आजी?”

रुक्मिणीबाईंनी राजेशकडे पाहिलं.

“झालं वर्ष,” राजेश म्हणाला.

“मी आजींना विचारलं.”

“वरीस झाला,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

सपनाने पिशवीतून फॉर्म काढला. “राजेशभाऊ, चूल मांडलेली असते आणि चूल पेटलेली असते. ही मांडलेली आहे.” आवाजात राग नव्हता. “मी चार वर्षं घरोघरच्या पाहण्या करते. मागच्या गल्लीत एका खोलीत तीन जोडपी आहेत. पाळी लावून झोपतात. हे घर अशांसाठी आहे.”

“मॅडम, आमचंही खरंच वेगळं आहे. सासू-सुनेचं जमत नाही,” राजेश म्हणाला. फळीपलीकडे तेजलच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

“असेल. मी नाही म्हणत नाही. फेरपाहणी लिहिते. तीन महिन्यांत कधीही येईन, न सांगता.” तिने लिहिलं, मग पेन बंद करून रुक्मिणीबाईंकडे वळली. “आजी, एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलीय का मला माहीत नाही. घर ज्याच्या नावाचं, त्यानेच तिथे राहायचं. दर महिन्याला अंगठा द्यावा लागतो, मधूनमधून तपासणी होते. दाराला कुलूप दिसलं की नोटीस. पाच वर्षं.”

“म्हणजे माका थंय जावन रव्हाचा लागतला?”

“हो.”

“एकटीक?”

“चूल तुमच्या एकटीची आहे ना, आजी.”

राजेश खोकला. सपना गेल्यावर रुक्मिणीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो फॉर्मची पोचपावती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवण्यात गुंतला.

“ते काय, सगळ्यांनाच सांगतात,” तो म्हणाला. “अंगठ्याच्या दिवशी जायचं, संध्याकाळी परत. आधी घर तर पदरात पडू दे.”

पहिला महिना तसा गमतीतच गेला. रुक्मिणीबाई आपल्या शेगडीवर भात टाकायच्या, कारण शेगडी काळी व्हायला हवी होती. दूध मुद्दाम उतू घालवलं, ते पुसलं नाही. पण जेवायच्या वेळी तेजल फळीवरून वाटी द्यायची, हातभर मोकळ्या जागेतून. “आई, धरा. गरम आहे.” आजीकडून घावन, तिकडून आमटी. जान्हवी फळीखालून अर्धी आत, अर्धी बाहेर. “आई, जेवलीस?” असं राजेश कामावरून आल्या आल्या हाक मारायचा आणि रुक्मिणीबाई पलीकडून “जेवलंय रे” म्हणायच्या. वरीस झाला म्हणून खोटं बोलल्याचं मनाला लागलं होतं, पण घर मोडलंय असं काही त्यांना वाटत नव्हतं.

मग धाकूची वाट लागली. धाकू कोपऱ्यातल्या खोलीतला. त्याने धाकट्या भावाची चूल वेगळी दाखवली होती. सपनाबाई दुपारी दीड वाजता दारात उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही भावांच्या ताटांत एकाच वालाची उसळ होती. बाईंनी उसळीकडे पाहिलं, नाव खोडलं आणि पाणी पिऊन गेल्या. धाकू आठवडाभर चाळीत कुणाशी बोलला नाही.

राजेशने त्याच संध्याकाळी फळीवरची मोकळी जागा पुठ्ठ्याने बंद केली.

“आता उरलेले दोन महिने नीट पाळू या,” तो म्हणाला. “वाटी नाही, घावन नाही, काही नाही. सवय लागली पाहिजे. ती बाई भारी आहे, तिला नाटक कळतं.”

जान्हवीला शिकवणं सोपं गेलं. तेजल तिला अभ्यासासारखं विचारायची.

“आजी काय जेवली?”

“मला माहीत नाही.”

“शाब्बास. आणि आजी कुठे राहते?”

“शेजारी.”

फळीपलीकडे रुक्मिणीबाई तांदूळ निवडत हे ऐकायच्या. पहिल्या दिवशी त्यांना हसू आलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलं नाही. त्यांना राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. सून मनानं चांगली, मुलगा चांगला, नात तर जीव की प्राण. कुणी काही वाईट करत नव्हतं. तरी संध्याकाळी पलीकडे बोंबील तळल्याचा वास आला की त्यांचे डोळे भरून यायचे, आणि एका मासळीच्या तुकड्यासाठी आपण रडतो म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. वास पुठ्ठ्याने अडत नाही. आवाजही अडत नाहीत. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, फोडणीत लसूण होता की नाही, राजेश किती वाजता आला, ताटात काय टाकून उठला, हे सगळं त्यांना इकडे बसून कळायचं. हळूहळू त्यांची रात्रीची जेवणं पेजेवर आली. एकटीसाठी डाळ कोण शिजवणार?

“आई, जेवलीस?” ही हाक एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. राजेशच्या गोदामात दिवाळीचा माल सुरू झाला होता, तो दमून येत होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच पलीकडे हाक मारायला तोंड उघडलं, मग धाकूची उसळ आठवली आणि त्या गप्प बसल्या.

एकदा तेजलला ताप होता. रुक्मिणीबाई वाटीत मऊ भात घेऊन मागच्या दाराने निघाल्या, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी गेल्या. तेजल अंथरुणातून उठून बसली.

“आई, नको. आत्ताच ती बाई आली तर?”

तिचे डोळे तापाने लाल होते, आणि ती खरंच घाबरली होती. रुक्मिणीबाई वाटी घेऊन परत आल्या. तो भात त्यांनी स्वतःच खाल्ला.

आणि मग तो दिवस. जान्हवी शाळेतून आली. पूर्वी ती आजीकडे यायची म्हणजे दप्तर कुठे, बूट कुठे. त्या दिवशी ती मागच्या दाराच्या उंबऱ्याशी थांबली. तिच्या हातात शाळेतला कागदी आकाशकंदील होता.

“आजी, आत येऊ का?”

रुक्मिणीबाईंच्या हातातलं काम थांबलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एवढं शिकवायची कुणाची छाती नव्हती. पोरीला ते आपोआप सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बस पकडून सोनूबाईला भेटायला गेल्या.

सोनूबाई चाळीच्या दुसऱ्या रांगेतली. तिची चूल पहिल्या यादीतच पास झाली होती, आणि चार महिन्यांपासून ती देवनारच्या नव्या इमारतीत होती. लिफ्टने रुक्मिणीबाई सातव्या माळ्यावर आल्या. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. इमारत कोरी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता. वारा खाडीकडून आला की त्यात दुसरा वास मिसळायचा.

“इलंस गो बाय,” सोनूबाई म्हणाली. तिने त्यांना हाताला धरून आत नेलं. घर नीटनेटकं होतं. फरशी गुळगुळीत, संडास आतच, खिडकीला जाळी. ओट्यावर एका बर्नरची शेगडी.

“घर बेस आसा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

“आसा ना. नाव ठेवूक जागा नाय.”

“झील येता?” रुक्मिणीबाईंनी तिच्या मुलाचं विचारलं.

“येता. महिन्यातून एकदा. मासळी घेवन येता.” सोनूबाईने चहा गाळला. “आधी मी जायत-येत होतंय. मग एकदा कुलूप दिसला, नोटीस लागली. झील म्हणालो, आये, म्हयनोभर रव. मग एकाचे तीन झाले. तेंका पण सवय झाली, माका पण झाली.”

चहा पिऊन रुक्मिणीबाई पॅसेजमध्ये आल्या तेव्हा दुपारची चार वाजायची वेळ होती आणि दारं उघडी होती. त्यांनी एकेका दारातून आत पाहत चालायला सुरुवात केली. पहिल्या दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. दुसऱ्या दारात एक म्हातारी. तिसऱ्यात भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ, समोर रेडिओ. चौथ्यात म्हातारी. कुठे पोराचा आवाज नाही, कुणाचं शाळेचं दप्तर नाही, दोरीवर एक तान्ह्याचं लंगोट नाही. प्रत्येक ओट्यावर एक बर्नर. प्रत्येक जण दाराकडे तोंड करून बसलेला, आणि पावलं वाजली की मान वर करणारा. रुक्मिणीबाई त्यांच्यापैकी कुणाच्या नाहीत हे दिसल्यावर माना पुन्हा खाली जात होत्या.

त्या लिफ्टपर्यंत पोचेपर्यंत जवळजवळ धावत होत्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं. सपनाबाई आल्या की सांगून टाकायचं. राजेश रागावेल, चार दिवस बोलणार नाही, चालेल. घर गेलं तर गेलं. वाक्यही त्यांनी तयार केलं, साधंच. ‘बाई, ही चूल खोटी. मी माझ्या झिलाकडेच जेवतंय.’ तांदूळ निवडताना, मोरी घासताना, देवापुढे वात लावताना त्या ते मनात म्हणून बघायच्या, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळायला नको.

सपनाबाई रविवारी सकाळी अकराला आल्या. राजेश घरात होता, लुंगीवर. त्याने पटकन शर्ट चढवला आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दाराशी आला. तेजल त्याच्या मागे उभी राहिली. जान्हवी शेजारी खेळायला गेली होती.

सपना पुन्हा शेगडीसमोर बसली. बर्नरखाली बोट फिरवलं. बोट काळं झालं. तिने डबे उघडले. हळदीच्या डब्यात तळाला चमचा लागत होता. मसाल्याची डबी रिकामी. मोरीत एक ताट, एक वाटी, एक टोप. पाण्याच्या पिंपाला एकच तांब्या. तिने हे सगळं पाहिलं आणि फॉर्म मांडीवर घेतला.

रुक्मिणीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. वाक्य ओठांशी होतं. आता हिने विचारावं आणि आपण सांगावं, एवढंच बाकी होतं. त्यांनी पदर सारखा केला.

पण सपनाने आधी राजेशकडे मान वळवली.

“काल आई काय जेवल्या?”

“माहीत नाही,” राजेश म्हणाला.

सपना त्याच्याकडे बघत राहिली. राजेशला ते आवडलं. धड्याचं उत्तर बरोबर आल्यासारखा तो थोडा सैल झाला आणि चौकटीला टेकला.

“सगळ्यांना शेवटी हेच विचारते मी,” सपना म्हणाली. “सोंग असलं ना, की उत्तर माहीत असतं. मग ते गिळायला माणूस जरासा थांबतो. कितीही तयारीचा असू दे, थांबतोच.” तिने पेनाचं टोपण काढलं. “तुम्ही थांबला नाहीत.”

“मग? मी म्हटलं होतं ना मॅडम, खरंच वेगळं आहे.” राजेश हसला. हसू अर्ध्यातच राहिलं. त्याने आईकडे पाहिलं, मग शेगडीकडे, मग मोरीतल्या त्या एका ताटाकडे, जणू काल त्यात काय होतं ते अजूनही कुठे चिकटलेलं दिसेल.

काल पेज होती आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. परवाही तेच होतं. रुक्मिणीबाईंच्या ओठांशी तयार असलेलं वाक्य तिथेच होतं, पण आता ते उच्चारावंसं वाटेना. मी माझ्या झिलाकडेच जेवतंय. कधी? शेवटचं कधी जेवल्या होत्या त्या? दोन महिने होत आले होते. एवढे दिवस घोकलं ते वाक्य खोटं होतं, आणि खरं ते समोरच्या कागदावर होतं.

“आता तुम्ही, आजी.” सपनाचा आवाज बदलला होता, हळू झाला होता. “यांच्याकडे काल काय होतं?”

चवळी होती. चार शिट्ट्या झाल्या होत्या. जान्हवीला चवळी आवडत नाही, तिने तोंड वाकडं केलं, तेजल ओरडली, मग तिला अंडं तळून दिलं. राजेश साडेनऊला आला. भात गार झाला होता तरी गरम करू नको म्हणाला, ताक घालून जेवला, अर्धी चपाती टाकून उठला. रुक्मिणीबाईंना सगळं ठाऊक होतं. नुसतं ‘चवळी’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाईंनी एकत्र कुटुंब म्हणून लिहिलं असतं, फळी निघाली असती, आणि त्या याच खोलीत राहिल्या असत्या.

चौकटीला टेकलेल्या राजेशने श्वास धरला होता. तो लहानपणी निकालाच्या दिवशी असाच उभा राहायचा.

रुक्मिणीबाईंनी आवंढा गिळला. पिंपाच्या नळातून थेंब पडत होता, तो दोनदा ऐकू आला.

“माका ठावक नाय,” त्या म्हणाल्या.

सपनाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते हललं नाही.

“आजी, नक्की ना?”

“नक्की.”

“विचार करून सांगा. मला घाई नाही.”

“तुमका नाय कशी? तुमका आणि पन्नास घरां बघूची असतली.” रुक्मिणीबाईंनी हात पुढे केला. “सही खंय करूची?”

सपनाने मान खाली घालून रकान्यात लिहिलं, स्वतंत्र चूल. लिहिताना तिने दोनदा पेन उचललं. मग कागद राजेशकडे न देता रुक्मिणीबाईंपुढे धरला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. अंगठ्यासाठी शाईची डबी तिने पिशवीतून काढली होती, पण रुक्मिणीबाईंनी पेनच मागितलं. गिरणीचा संप होता तेव्हा जयवंतांनी घरी बसून त्यांना सही शिकवली होती. ती त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत केली, आणि वर रेघ ओढली.

निघताना सपना दारात चपला घालता घालता थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण राजेश “थँक यू मॅडम, चहा तरी घ्या ना मॅडम” करत पुढे आला, आणि ती नको नको म्हणत गल्लीतून निघून गेली.

मग घरात एकदम मोकळं वाटलं. तेजलने आनंदाने रुक्मिणीबाईंचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे पाणावले होते, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

“सुटलो बाई एकदाचे,” ती म्हणाली. “किती दिवस नुसता जीव टांगणीला. आई, आज सुरमई आणलीय. तुम्ही आज आमच्याकडेच जेवायला या.”

“हो आई, ये,” राजेश म्हणाला. तो आईच्या डोळ्यांत बघत नव्हता. “एक वाजता बसू.”

“कित्याक उगाच त्रास, बाय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

“त्रास कसला त्यात? या हं नक्की. वाट बघतो.”

ती दोघं गेल्यावर रुक्मिणीबाईंनी तोंड धुतलं. साधं लुगडं बदलून जरा बऱ्यातलं काढलं. केस विंचरले. मग त्या ओट्यापाशी उभ्या राहून इकडे तिकडे बघू लागल्या. कुणाच्या घरी जेवायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? केळी नव्हती, साखर तळाला गेली होती. आमसुलं होती. त्यांनी ती भिजत घातली, अर्धा नारळ खवला, रस काढला, मीठ-मिरची लावून सोलकढी केली आणि मोठ्या वाटीत ओतून वर कोथिंबीर चिरून टाकली.

एक वाजता त्या मागच्या दाराने निघाल्या. वाटी सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या याच दारातून माप ओलांडून आत आल्या होत्या. दार उघडंच होतं, पण त्या बाहेर उभ्या राहिल्या, आतून कुणी बोलावेपर्यंत.

राजेशने त्यांना पाहिलं. तो ताटावरून उठून पुढे आला, त्याने वाटी घेतली आणि तोंडात आलं ते म्हणून गेला.

“अगं, हे कशाला आणलंस?”